दा विंची रिझॉल्व्ह, फुकटातली आवृत्ती: गाण्याच्या व्हिडिओला कितपत पुरते?

मराठीत आज निघणाऱ्या बहुतेक अल्बम गाण्यांचं माप ठरलेलं असतं. साडेतीन-चार मिनिटांचं गाणं, एक-दोन दिवसांचं शूट, दोन मिररलेस कॅमेरे, एक गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) आणि एडिटिंग घरच्याच कंप्युटरवर. एवढ्या कामाला दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकटातली आवृत्ती पुरते, पुरून वर उरते. मात्र फुटेज हातात आल्यावर जो ती पहिल्यांदा उघडतो, त्याला ती अपुरीच वाटते. तिच्याबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ शूटच्या आधी न घेतलेल्या निर्णयांत असतं. म्हणून हा रिव्ह्यू फीचर्सच्या यादीने न जाता गाणं हातात आल्यापासून अपलोड होईपर्यंत ज्या क्रमाने काम चालतं, त्या क्रमाने जातो.

आधी व्यवहाराचं. रिझॉल्व्ह मुळात सिनेमाचे रंग दुरुस्त करायची महागडी यंत्रणा. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ साली मूळ कंपनी विकत घेतली आणि पुढे त्याची फुकट आवृत्ती आली. ती ३८४० बाय २१६० या फोर-केपर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत (म्हणजे ६० चित्रांपर्यंत) एक्स्पोर्ट देते, आणि एक्स्पोर्टवर आपला शिक्का (वॉटरमार्क) मारत नाही. पैसे भरून मिळणारी स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरची, एकदाच भरायचे. ब्लॅकमॅजिकच्या सिनेमा कॅमेऱ्यांबरोबर तिचं लायसन्स येतं, तेव्हा असा कॅमेरा विकत घेतला असेल तर खोक्यात आधी नीट बघा.

आता गाणं. मिक्सिंग करणाऱ्याकडून एमपी-३ घेऊन काम सुरू करू नका. एमपी-३ बनताना गाण्याच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते. त्या एमपी-३ वर सगळे कट लावले आणि शेवटी खरी फाइल आणून बसवली की गाणं सुमारे एक फ्रेम आधी वाजतं आणि ओठ मागे पडल्यासारखे दिसतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल मागा. फायनल मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) झालं नसेल तरी चालतं, फक्त लांबी आणि सुरुवातीचा बिंदू बदलणार नाही हे लेखी घ्या. मास्टरिंगच्या वेळी ‘सुरुवातीची मोकळी जागा जरा कापली’ असं सहज सांगणारे भेटतात.

प्रोजेक्ट उघडल्यावर पहिला सापळा फ्रेम रेटचा. रिझॉल्व्हचं नवं प्रोजेक्ट सेकंदाला २४ फ्रेमवर उघडतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट, दुकानांच्या पाट्या आणि स्वस्त एलईडी माळा यांच्या उजेडात २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर हे सगळ्यात बिनघोर. एकदा मीडिया आत आला की प्रोजेक्टचा फ्रेम रेट कुलूपबंद होतो. नंतर वेगळ्या रेटची टाइमलाइन (तुकडे ओळीने मांडायची पट्टी) काढता येते, पण लावलेले कट तिकडे नेताना एकेक फ्रेम इकडेतिकडे होते, आणि गाण्यात एक फ्रेम कळते. म्हणून गाणं आत ओढण्याआधी सेटिंग्जमध्ये २५ करून घ्या आणि तोच आकडा दोन्ही कॅमेरावाल्यांना कळवा.

२५ वर ठेक्याचं गणित सोपं आहे: १५०० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटाला जितक्या मात्रा त्या आकड्याने, भागा. १०० बीपीएमला एका मात्रेच्या १५ फ्रेम, १२५ ला १२. पण ११० ला १३.६४ येतात, म्हणजे मात्रा कधी तेराव्या फ्रेमवर पडते, कधी चौदाव्या. अशा गाण्यात एकाच लांबीचे तुकडे ओळीने चिकटवत गेलात तर दहाव्या कटापर्यंत सगळं ठेक्यावरून घसरलेलं असतं. आणि ढोलकी-हलगी प्रत्यक्ष वाजवून रेकॉर्ड केली असेल, कानात क्लिकचा (मेट्रोनोमचा) ठोका न लावता, तर आकडेमोडीचा काही उपयोग नाही. गाणं लावायचं, समेवर ‘एम’ दाबून मार्कर (खुणा) टाकत जायचं. बोट नेहमी दोन-तीन फ्रेम उशिरा पडतं, तेव्हा मार्कर नंतर वेव्हफॉर्मच्या (आवाजाच्या आलेखाच्या) टोकावर ओढून घ्यावे लागतात. चार मिनिटांच्या गाण्याला तासभर जातो. तो तास पुढे दोन दिवस वाचवतो.

मार्करांना रंग द्या: मुखडा एक, अंतरे दुसरा, म्युझिक पीस तिसरा. मग रेकीत (शूटच्या जागा बघताना) काढलेले मोबाइल फोटो त्या त्या जागी टाइमलाइनवर टाका. वाड्याचं दार, विहीर, समुद्रावरची होडी, जे काही असेल ते. फुकट आवृत्तीचा हा सगळ्यात कमी वापरला जाणारा उपयोग, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. गाण्याखाली फोटो लावले की कुठे काही सुचलेलंच नाही ते उघडं पडतं. ती जागा बहुतेक वेळा दुसरा अंतरा असते. मुखडा आणि पहिला अंतरा सगळ्यांच्या डोक्यात असतो, दुसऱ्याला काय दाखवायचं हे शूटच्या दिवशी उन्हात उभं राहून ठरतं आणि तसंच दिसतं.

यातूनच शॉटची संख्या कळते. ३ मिनिटं ४० सेकंदांचं गाणं म्हणजे २२० सेकंद. सरासरी शॉट दोन सेकंदांचा धरला तर ११० शॉट. एका दिवसात ११० वेगळे सेटअप होत नाहीत, म्हणून कणा पूर्ण गाण्याच्या टेकचा ठेवायचा: गायक किंवा नायिका एका जागी पूर्ण गाणं म्हणते, असे आठ-दहा टेक, वेगवेगळ्या अंतरांवरून. त्यांच्या मधे गोष्टीचे आणि नाचाचे तुकडे. दहा टेक म्हणजे साधारण ३७ मिनिटांचं फुटेज. १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने एका कॅमेऱ्याचं ते साडेसत्तावीस जीबी होतं. दोन कॅमेरे, दोन प्रती धरल्या तरी ११० जीबी, बाकीचे तुकडे वेगळे. तेव्हा सेटवर लॅपटॉपखेरीज दोन वेगळ्या हार्ड डिस्क हव्यात, एकावर भागवू नका.

प्लेबॅक ट्रॅक, म्हणजे शूटच्या वेळी सेटवर वाजवायचं गाणं, रिझॉल्व्हमध्येच बनवा. इथे सगळ्यात जास्त गाणी बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. गाण्याच्या आधी एक-एक सेकंदाने चार बीप घाला. प्रत्येक कडव्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत आवाजात सूचना रेकॉर्ड करा: ‘अंतरा एक’, ‘पीस दोन’, ‘शेवटचा मुखडा’. हा ट्रॅक ‘ऑडिओ ओन्ली’ने वेव्हमध्ये काढा आणि सेटवर हाच वाजवा. सूचना कलाकाराच्या सोयीची आहेच, पण खरं कारण पुढे सिंकच्या (चित्र आणि आवाज जुळवण्याच्या) वेळी येतं. रिझॉल्व्ह कॅमेऱ्यातला आवाज आणि मूळ ट्रॅक यांचे वेव्हफॉर्म जुळवून क्लिप आपोआप बसवतं, आणि बसवतं उत्तम. पण हल्ली मुखडा स्टुडिओत एकदा गातात आणि तीन ठिकाणी चिकटवतात. तिन्ही मुखड्यांचा वेव्हफॉर्म जवळजवळ सारखाच असल्यामुळे फक्त मुखड्याचा तुकडा शूट केला असेल तर रिझॉल्व्ह तो खुशाल पहिल्या मुखड्यावर नेऊन बसवतं. ओठ जुळलेले दिसतात, म्हणून चूक पकडलीही जात नाही. मग तिसऱ्या मुखड्याला रात्रीचा शॉट कुठे गेला म्हणून शोधाशोध. तुकडा शूट करतानाही एक ओळ आधीपासून वाजवा, म्हणजे बोललेली सूचना कॅमेऱ्यात येते आणि घोळ होत नाही. सिंक झालं की हा ट्रॅक म्यूट करायचा आणि त्याच बिंदूवर मूळ गाणं ठेवायचं.

स्पीकर कुठे ठेवता याचाही हिशेब आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गायिका किनाऱ्यावर कॅमेऱ्यापासून ३४ मीटरवर उभी आणि स्पीकर कॅमेऱ्याजवळ, तर तिला गाणं एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतं, म्हणजे अडीच फ्रेम. ती उशिरा गाते. स्पीकर तिच्याजवळ ठेवला तर ती बरोबर गाते, पण कॅमेऱ्याच्या माइकला आवाज अडीच फ्रेम उशिरा पोचतो आणि वेव्हफॉर्मने जुळवल्यावर ओठ तेवढेच पुढे पळतात. दुसरा पर्याय बरा, कारण कलाकार ठेक्यात राहतो आणि चूक ठरावीक असते: क्लिप निवडा आणि पूर्णविरामाची कळ दोन-तीनदा दाबा, प्रत्येक दाबाला एक फ्रेम उजवीकडे. लाँग शॉटच्या नोंदीत अंतर लिहून ठेवा, एवढंच.

स्लो मोशनमधल्या लिपसिंकसाठी गाण्याची दुप्पट वेगाची प्रत लागते. रिझॉल्व्हच्या ‘चेंज क्लिप स्पीड’मध्ये २०० टक्के करा, पिच करेक्शनची खूण ठेवा, नाहीतर गायिकेचा आवाज कार्टूनसारखा होतो आणि सेटवर सगळे हसत बसतात. ही प्रत बीपसकट फाइलवरूनच करा. शूट ५० फ्रेमवर, १/१०० शटरने. पहिल्या बीपला क्लॅप. मग २५ च्या टाइमलाइनवर क्लिप ५० टक्के करायची, क्लॅपची फ्रेम साध्या ट्रॅकच्या पहिल्या बीपवर ठेवायची. ओठ जुळतात, पदर आणि केस मात्र हळू उडतात. कॅमेऱ्याच्या खास स्लो मोशन मोडमध्ये शूट करू नका: अनेक कॅमेरे त्यात आवाज घेत नाहीत, आणि क्लॅप नेमका कुठे पडला ते डोळ्यांनी शोधत बसावं लागतं. साधा ५० फ्रेमचा मोड घ्या. एक मर्यादा आधीच ओळखा: लावणीतली द्रुत ओळ दुप्पट वेगात कुणाच्याच ओठांवर बसत नाही. तिथे ३० फ्रेम आणि १२० टक्के वेग वापरा. परिणाम हलका असतो, पण चेहऱ्यावर ताण दिसत नाही.

कॅमेरा ठरवताना मात्र फुकट आवृत्तीची खरी भिंत आडवी येते. विंडोजवर ती १०-बिट ४:२:२ एच २६४ आणि एच २६५ (रंगाचे जास्त बारकावे साठवणाऱ्या व्हिडिओ फाइल) उघडत नाही. आवाज येतो, चित्र काळं किंवा ‘मीडिया ऑफलाइन’. आजचे बरेच मिररलेस कॅमेरे याच फॉरमॅटसाठी भाड्याने घेतले जातात, आणि घोळ कळतो तो शूट आटोपल्यावर. शूटच्या आधी त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची दहा सेकंदांची क्लिप मागवून उघडून बघा. नाही उघडली तर शटर एन्कोडरसारख्या फुकट साधनाने डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलता येते, पण फाइल कित्येक पट फुगते. मॅकवर ही अडचण सहसा येत नाही. लिनक्सवर फुकट आवृत्ती एच २६४ मुळीच घेत नाही, तेव्हा तो विषय सोडा.

तिसरा कॅमेरा म्हणून मोबाइल लावणार असाल तर त्याचं नेहमीचं कॅमेरा ॲप वापरू नका. ते फ्रेम रेट वरखाली करतं आणि चार मिनिटांच्या टेकमध्ये शेवटाकडे ओठ सुटतात. ब्लॅकमॅजिकचंच कॅमेरा ॲप फुकट आहे, त्यात २५ फ्रेम, शटर आणि व्हाइट बॅलन्स बांधून ठेवता येतात.

सगळे टेक सिंक झाले की त्यांची एक मल्टिकॅम क्लिप (सगळे टेक एकत्र चालणारी, हवा तो निवडता येणारी) करा, अँगल सिंक ‘साउंड’वर. गाणं चालू ठेवून आकड्यांच्या कळांनी अँगल बदलत गेलं की पहिला कच्चा कट गाण्याच्याच लांबीत होतो. ही सोय फुकट आवृत्तीत पूर्ण आहे. पण दहा फोर-के प्रवाह एकदम चालवायला साधा कंप्युटर तयार नसतो, चित्र अडखळतं आणि मग अँगल बदलण्याचा ठेकाही चुकतो. आधी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवून घ्या, टाइमलाइन कामापुरती १०८० वर ठेवा, एक्स्पोर्टच्या वेळी फोर-के करा. आठ जीबी रॅमवर हे करू नका. सोळा किमान, आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी चार जीबीहून कमी असेल तर ‘जीपीयू मेमरी भरली’ हा निरोप कलर पानावर हमखास भेटेल.

कलर हा रिझॉल्व्हचा मूळ धंदा आणि तिथे फुकट आवृत्तीने हात आखडलेला नाही. नोड, कर्व्ह, पॉवर विंडो, ट्रॅकर, ग्रुप, कलर स्पेस ट्रान्सफॉर्म, सगळं आहे. एक उदाहरण जवळून पाहू: जेजुरीचा भंडारा. हळदीचा तो पिवळा कॅमेऱ्याला सोसत नाही. परेड स्कोप (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख) लावला तर लाल आणि हिरवा माथ्याला टेकलेला, निळा तळाशी आडवा झालेला दिसतो, आणि उधळलेल्या भंडाऱ्याचे कण न दिसता एक सपाट पिवळा डाग उरतो. हे कलरमध्ये परत येत नाही. शूटवरच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) दोन तृतीयांश स्टॉप कमी घ्यायचं. मग ‘सॅट व्हर्सेस सॅट’ कर्व्हने फक्त अति गडद रंग थोडा दाबायचा. क्वालिफायरने (रंगावरून भाग निवडणाऱ्या साधनाने) पिवळा निवडायला गेलात तर आपल्याकडची गव्हाळ त्वचाही त्यात येते, कारण दोघांचे रंग शेजारीशेजारी. चेहऱ्याभोवती विंडो आखून, ती चेहऱ्याबरोबर ट्रॅक करून तो वगळावा लागतो. भंडारा सेन्सरवर बसू नये म्हणून उधळण चालू असताना लेन्स बदलायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

चेहरा मऊ करायचं तयार साधन स्टुडिओत आहे. फुकटात मिडटोन डिटेल (मधल्या उजेडातले बारकावे) उणे वीस ते चाळीसपर्यंत नेऊन, ते चेहऱ्याच्या विंडोपुरतं ठेवलं की काम भागतं. त्यापुढे नेलं की नायिका मेणाची दिसते.

रिझॉल्व्हचं नॉइज रिडक्शन (अंधारातल्या चित्रात येणारे दाणे काढणारं साधन) फुकटात नाही. लावून बघितलंत तर चित्रावर शिक्का उमटतो. मशालीच्या उजेडातला देवीचा गोंधळ, रात्रीची जत्रा, होडीवरचा कंदील असं काही गाण्यात असेल तर सरळ रस्ते दोन: २९५ डॉलर, किंवा सेटवर आणखी एक दिवा. एकाच गाण्याचा प्रश्न असेल तर दिवा भाड्याने घ्या. वर्षाला पाच-सहा रात्रीची गाणी करणाऱ्याने मात्र स्टुडिओ घ्यावी. लुकलुक काढणारं डीफ्लिकरही स्टुडिओतच, पण शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं असेल तर त्याची गरज क्वचित पडते.

देवनागरी शीर्षकांबाबत मी या सॉफ्टवेअरवर पूर्ण भरवसा ठेवत नाही. ‘श्रद्धा’, ‘त्र्यंबक’, ‘तुऱ्याचा’ असे शब्द टाकून आधी बघा. निवडलेल्या फाँटमध्ये जोडाक्षर फुटलं किंवा वेलांटी भलतीकडे गेली तर झगडत बसू नका. एकेक अक्षर उडत येणारी तयार ॲनिमेशन्स तर देवनागरीसाठी टाळाच, मात्रा आधी आणि व्यंजन मागून येतं. गाण्याचं नाव आणि श्रेयनामावली इंकस्केपसारख्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी आणा आणि ते चित्र म्हणून हलवा.

उभ्या रील्स आता प्रत्येक निर्माता मागतो. आपोआप चौकट बदलणारं स्मार्ट रीफ्रेम स्टुडिओत आहे. फुकटात टाइमलाइनची प्रत काढून ती १०८० बाय १९२० करायची आणि शॉटगणिक चित्र हाताने सरकवायचं. आडव्या चौकटीच्या रुंदीपैकी जेमतेम ३२ टक्के उरतात, म्हणून हुक स्टेपचा (गाण्याच्या लक्षात राहणाऱ्या नाचाच्या स्टेपचा) निदान एक टेक तरी कलाकाराला मधोमध ठेवून घ्या. फोर-केमध्ये शूट केलं असेल तर तेवढ्या पट्टीतही १२१५ पिक्सेल मिळतात, चित्र फाटत नाही.

एक्स्पोर्टला फार बोलण्यासारखं नाही. यूट्यूबसाठी फोर-के, २५ फ्रेम, ४० ते ४५ मेगाबिट. शूट १०८० चं असलं तरी फोर-के करून चढवा, यूट्यूब मोठ्या चित्राला दाबताना हात जरा सैल सोडतं. मॅकवर क्विकटाइममध्ये रंग फिके दिसले तर घाबरून सगळं गडद करू नका, एक्स्पोर्टमध्ये गॅमा टॅग ‘रेक ७०९-ए’ करून पुन्हा काढा.

शेवटचं, नव्या आवृत्तीची सूचना आली तरी गाणं हातात असताना अपडेट करू नका. नव्यात उघडलेलं प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही, आणि कलर करणारा दुसरीकडे जुनी आवृत्ती घेऊन बसलेला असतो. काम संपल्यावर प्रोजेक्ट आर्काइव्ह काढून हार्ड डिस्कवर ठेवा. नुसती प्रोजेक्ट फाइल ठेवली तर तिच्यात फुटेज नसतं, आणि प्रायोजकाचा लोगो बदलायचा फोन बहुधा कार्ड पुसून झाल्यावरच येतो.